कवटीची सोयरीक

आचलने तोंडी परीक्षेत कवटी हातात घेतली, तेव्हापासून ती परत टेबलावर ठेवेपर्यंत तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, आणि तो 'थँक्यू' होता. परीक्षकांनी त्याला गुण दिले नाहीत. लेखी पेपरात तिला भरभरून मिळाले होते. कवटीची आकृती तर तिने अशी काढली होती की तपासणाऱ्याला ती आपल्याकडे बघून हसते आहे असं वाटावं. पण डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेची तोंडीही पास व्हावी लागते, आणि तोंडीला तोंड लागतं.

आता उरली पुरवणी परीक्षा. तीही हुकली, तर सोबतची पोरं पुढच्या वर्षात जाणार आणि आचल मागून आलेल्या पोरांसोबत पुन्हा पहिल्या वर्षात बसणार. या एका गोष्टीने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पिपरी मेघेतल्या तिच्या घराने मात्र ही बातमी आपल्या धंद्याप्रमाणे पचवली. अण्णाजी, म्हणजे आचलचे आजोबा, यांचं वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, "पोरगी नापास नाई झाली. माल गोडाऊनमधे भरून आहे, गिऱ्हाइकासमोर काढता नाई आला. दोन्हीत फरक आहे."

आजी, विमलाबाई, म्हणाल्या, "एवढ्या बोलक्या घरात हे मुकं लेकरू कसं निपजलं, मले तं समजत नाई."

हे चालू असताना आचलने दोनदा तोंड उघडलं होतं, पण मधे शिरायला जागा मिळाली नाही. दुखणं असं सगळ्यांसमोर मांडलेलं होतं. फक्त ते बघायला घरात कोणी गप्प नव्हतं.

कवटी घरातच होती. कॉलेजात रीत अशी की पहिल्या वर्षाच्या पोरांना वरच्या वर्षाची पोरं आपल्याकडची हाडं देतात, जशी मोठ्या भावाची सायकल धाकट्याकडे येते. आचलला ती एका सीनिअरकडून मिळाली तेव्हा चपलांच्या खोक्यात होती. अण्णाजींना ते बघवलं नाही. "मानसाचं डोस्कं आहे अन् चपलेच्या खोक्यात?" असं म्हणून त्यांनी दुकानातून चांगला जाड पत्र्याचा स्टीलचा डबा आणला. आता, त्यांच्या दुकानातून नाव कोरल्याशिवाय भांडं बाहेर पडत नाही. यंत्र हातात घेऊन ते बसले आणि तिथेच अडले.

"नाव काय टाकू?"

"कोणाचं आहे ते माहीत नसते, आबाजी," आचल म्हणाली.

"बिननावाचा डबा मी कधी देल्ला नाई."

शेवटी त्यांनी 'सप्रेम भेट' एवढंच कोरलं. कोणाकडून कोणाला, ते कवटीवर सोडलं. डबा आचलच्या खोलीत कपाटावर गेला. विमलाबाई पहिले दोन दिवस त्या खोलीच्या दारातूनच बोलत. मग सकाळी देवघरातली उदबत्ती त्या खोलीतूनही फिरवू लागल्या. कोणी विचारलं तर सांगत, "कोणाच्या माउलीचं लेकरू आहे, काय माहीत."

तर परीक्षा अशी डोक्यावर आलेली, आणि मधेच हिंगणघाटला लग्न निघालं. आचलने पुस्तकाचं कारण सांगून पाहिलं. विमलाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि तिच्यासाठी साडी काढून ठेवली.

आपल्याकडच्या लग्नात नवरानवरीचा नंबर दुसरा. पहिला कार्यक्रम म्हाताऱ्यांचा असतो. मंगल कार्यालयाच्या दारातच म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसतात, येणाऱ्या पोरीचा हात धरतात आणि विचारतात, "वळखलं का मले?" हो म्हणून सुटका नसते. कोण, कुठल्या, कोणाच्या कोण, हे सगळं सांगावं लागतं. न सांगता आलं तर बोलणी पोरीला नाही, तिच्या आईला बसतात. म्हणून विमलाबाईंनी आचलला चालायला लागल्यापासून या परीक्षेला तयार केलं होतं.

त्या दिवशीही एका म्हातारीने तिचा दंड पकडला. "वळखलं का मले?"

"तुमी देवळीच्या," आचल म्हणाली. "आजीच्या मावसबहिणीच्या नणंद. तुमच्या लहान्या दिराले सेलूची पोरगी केली, अन् तीच आमच्या काकूची आत्येबहीण. म्हणून तुमी काकूकडून मावशी लागता अन् आजीकडून आजी. पण तुमाले मावशी म्हटलेलं आवडते."

म्हातारीने दंड सोडला. "बराबर," ती म्हणाली, आणि पुढच्या पोरीकडे वळली.

मागे मोहिनीकाकू उभी होती. आचलच्या भूपेंद्रकाकांची बायको. हातात जेवणाची थाळी, घास अर्धा तोंडाशी. ती तशीच उभी राहिली.

"आचल," ती म्हणाली, "तुह्या डब्यातल्या हाडाइची सोयरीक असते का व एकमेकाइशी?"

"असते न. कोणतं हाड कोणाले लागून आहे, तेच तं इचारतात."

"म्हणजे तुहे परीक्षक काय करतात? वळखलं का मले, अन् मी कोणाची कोण. एवढंच न?"

 वरातीचा बँड दारात येऊन पोचला होता, त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही. पण आचलला ऐकायची गरजही नव्हती.  म्हातारीच्या प्रश्नाला ती अडखळत नाही, कारण तिथे तिला आठवावं लागत नाही. तिथे तिला माणसं दिसतात.

पुढच्या रविवारी घरात हाडांचं वाटप झालं.

एकेका नातेवाइकाला एकेक हाड द्यायचं, ही कल्पना मोहिनीकाकूने दोनच वाक्यांत मांडली, आणि घराने ती अशी उचलली की ती ना काकूची राहिली ना आचलची. भूपेंद्रकाकांनी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर 'कवटी परिवार' नावाचा ग्रुप काढला आणि त्यावर कवटीचा फोटो टाकला. त्याखाली पाच जणांनी हात जोडले आणि एका दूरच्या काकांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

कवटीत हाडं बावीस. नातेवाईक त्याहून बरेच जास्त. त्यामुळे ज्यांना हाड मिळालं त्यांच्यापेक्षा ज्यांना मिळालं नाही ते जास्त दुखावले. त्यांची समजूत कानाच्या आतली बारकी हाडं देऊन काढावी लागली.

कपाळाचं हाड, फ्रंटल, अण्णाजींकडे गेलं. त्यावर चर्चा झाली नाही. ते आधीच सगळ्यांच्या पुढे बसले होते. खालचा जबडा, मँडिबल, आचलने भीत भीत आजीला देऊ केला.

"जबडा?" विमलाबाई म्हणाल्या.

"आजी, कवटीत हालणारं तेवढं एकच हाड आहे. बाकी सगळे जागच्या जागी बसून राह्यतात."

विमलाबाईंनी घरावरून एक नजर फिरवली. "हे मले शिकाले डॉक्टर नाई लागत," त्या म्हणाल्या. "दे. अन् तो कोणाकोणाले लागून राह्यते?"

"फक्त टेम्पोरलले. दोन्ही बाजूनं, कानाच्या अगदी समोर."

यावरून टेम्पोरल कोण हे ठरलंच. उजवा टेम्पोरल आचलचे बाबा, धर्मेंद्र, डावा भूपेंद्रकाका. आपल्या आईचं दोघांच्या कानाला लागूनच चाललेलं असतं, हे दोघांनी नाकारलं नाही.

"अन् कपाळाशी?" विमलाबाईंनी विचारलं.

"कपाळाशी जबड्याचा संबंध येत नाई."

"बरं आहे," अण्णाजी आणि विमलाबाई एकदम म्हणाले. लग्नानंतर त्यांचं एकमत झालेलं घरच्यांनी तेव्हा प्रथमच पाहिलं.

डोक्याच्या माथ्यावरची दोन हाडं, पॅरायटल, अण्णाजींच्या दोन भावांना दिली. डोमाजी आणि मधुकरराव. यांची घरं एका भिंतीला लागून, आणि त्याच भिंतीवरून अबोला. ही दोन हाडं मधोमध एकमेकांना जोडलेली असतात हे कळल्यावर डोमाजी उठून चप्पल शोधू लागले.

"मी त्याच्या बाजूले बसत नाई."

मोहिनीकाकूने आपल्या या चुलत सासऱ्यांना दारात अडवलं. "डोमाजी मामाजी, ऐकून तं घ्या. हा सांधा पक्का आहे. हालचाल नाई, जाणं नाई, येणं नाई. दोघं एकमेकाले चिकटून आहेत अन् एकमेकाशी बोलत नाई. आहे तसंच आहे. आचलनं तुमच्यात काही फरक केला नाई."

डोमाजींनी यावर विचार केला. मग चप्पल काढून मधुकररावांच्या बाजूला बसले, आणि दुसरीकडे तोंड केलं.

मागचं हाड, ऑक्सिपिटल, शकुंतलाआत्याला. त्याला खाली मोठं भोक असतं आणि मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरणारं सगळं त्यातूनच जातं. आपल्या खानदानातली कोणतीही बातमी आत्याला वगळून कुठे पोचल्याचं कोणाला आठवत नव्हतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातली नखाएवढी दोन हाडं, लॅक्रिमल, त्यांना अश्रूंची नळी लागून असते. ती अशा दोन चुलत आत्यांना दिली, ज्या लग्नात मुलगी निघायच्या अर्धा तास आधी रडायला सुरुवात करतात. त्या दोघी हाड मिळालं म्हणून रडल्या.

कठीण गेलं ते बंडूजींचं. बंडूजी विमलाबाईंचे भाऊ, पवनारचे शेतकरी, अंगाने पापडासारखे. त्यांना व्होमर दिलं होतं.

"कुठी असते हे?"

"नाकाच्या आत," आचल म्हणाली. "मधातला पडदा असते न, तिथी."

"नाकात?" बंडूजी म्हणाले. "बाई, मी धाम नदीच्या काठून इतका दूर आलो ते तुमच्या नाकात बसाले?"

"बंडूजी आबाजी, व्होमर म्हणजे नांगराचा फाळ. तसाच दिसते म्हणून त्याचं नाव तसं आहे."

बंडूजींनी डब्यातली कवटी मागवली. चष्मा लावून नाकाच्या पोकळीत बराच वेळ डोकावले. "फाळच आहे," ते शेवटी म्हणाले. "जरासा झिजला. बसतो."

आणि मोहिनीकाकूला आचलने न विचारता स्फिनॉइड दिलं. काकूने पुस्तकातलं चित्र पाहिलं. पंख पसरलेल्या वटवाघळासारखं एक हाड, कवटीच्या पोटात.

"बाहेरून तं दिसतच नाई हे."

"कानशिलापाशी जरासं दिसते," आचल म्हणाली. "पण काकू, मेंदूच्या डब्यातली बाकीची सातही हाडं याले लागून आहेत. शिवाय तोंडाची किती तरी. हे काढलं तं सगळे सुटे होतात."

 तेवढ्यात घरातून तिला तीन बाजूंनी हाका आल्या, आणि ती उठताना म्हणाली, "हाव, समजलं."

मग रोज संध्याकाळी सराव. बैठकीत सतरंजी टाकायची, त्यावर सगळे आपापल्या जागी बसायचे. समोर अण्णाजी, मागे भाऊ, त्यांच्या मागे आत्या, मधोमध मोहिनीकाकू. आत्या हिंगणघाटला असली की तिच्या जागी उशीला टेकवून फोन ठेवायचा, आणि त्यातून आत्या बोलायची. आचल हातात कवटी घेऊन सगळ्यांच्या मधून फिरायची आणि प्रत्येक जण विचारायचा, "वळखलं का मले?" ती सांगायची: तुम्ही कोण, कोणाला लागून, सांध्याचं नाव काय, तुमच्या कोणत्या भोकातून कोणती नस जाते. चुकली की त्या हाडाला राग यायचा. बरोबर आलं की बशीतलं गोरसपाक बिस्किट मिळायचं, तिला नव्हे, त्या हाडाला.

आचल बोलू लागली. आधी हळू, मग घडाघडा. आवाज एवढा चढला की शेजारच्यांनी चौकशी केली. पण त्यातून एक नवीन संकट उभं राहिलं. एकदा कॉलेजातल्या मैत्रिणीने कवटीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? आणि आचल ठसक्यात म्हणाली, "भूपेंद्रकाका."

मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं. "आचल, परीक्षेत असं बोलशील तं सरळ मानसोपचारात पाठवतील."

ही गोष्ट तिने घरी सांगितली. घर काळजीत पडलं नाही. अण्णाजी म्हणाले, "मंग चुकलं काय? भूपेंद्रच आहे तो." आचलला त्या रात्री स्वप्नात परीक्षक दिसले. ते म्हणत होते की पॅरायटल हाडांच्या भिंतीचा निकाल लागल्याशिवाय तुला पास करता येणार नाही.

परीक्षेच्या सकाळी ती एकटी जाणार होती. शेजारच्या हेमराजची ऑटो बोलावलेली होती. ऑटोत बसायला गेली तर आत आधीच अण्णाजी, विमलाबाई आणि बंडूजी बसलेले. मागून भूपेंद्रकाकांची गाडी भरून निघाली, आणि डोमाजी आणि मधुकरराव दोन वेगवेगळ्या स्कूटरवर, एकाच वेगाने. कॉलेजच्या फाटकावर चौकीदाराने विचारलं, "पेशंट कुठं आहे?"

"पेशंट नाई जी," अण्णाजी म्हणाले. "आमची तोंडी परीक्षा आहे."

त्याने सगळ्यांना बाहेरच्या कडुनिंबाखाली बसवलं. आचल आत गेली.  

परीक्षक बाहेरून आलेल्या होत्या. डॉ. तिडके मॅडम, केस पांढरे, आवाज बारीक, समोर टेबलावर कवटी. सकाळपासून पोरं येत होती आणि जात होती. मॅडमच्या चेहऱ्यावर बसस्टँडवर बसलेल्या माणसाची शांती आली होती.

"मागच्या वेळीही कवटीच आली होती का गं?"

आचलने मान हलवली.  झालं, तिला वाटलं, पुन्हा तेच.

मॅडमनी कवटीच्या कपाळावर बोट ठेवलं. "हे ओळखलंस?"

प्रश्न ओळखीचा होता. अगदी म्हाताऱ्यांचा. आणि त्या बोटाच्या मागे, साक्षात, अण्णाजी मांडी घालून बसलेले तिला दिसले.

"फ्रंटल," आचल म्हणाली, आणि सुटली. फ्रंटल कोणाकोणाला लागून, मागे पॅरायटल, खाली स्फिनॉइड, नाकाशी नेझल, डोळ्याच्या कोपऱ्यात लॅक्रिमल. मॅडमचं बोट हलायच्या आत ती पुढच्या हाडावर गेली होती. स्फिनॉइडला मॅडमनी मधेच थांबवून पाहिलं, तर ती थांबली नाही. नसा, भोकं, खाचा, सगळं नावागावासकट.

"हळू, हळू. मँडिबल?"

"एकच हलणारं हाड, मॅडम. टेम्पोरललाच जोडलेलं असतं, दोन्हीकडून, कानाच्या समोर. त्यामुळे त्यांना ऐकावं लागतं."

"कोणाला ऐकावं लागतं?"

"काकांना." तिने जीभ चावली. "सॉरी मॅडम. टेम्पोरलला. म्हणजे ऐकावं लागत नाही. जॉइंट आहे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, पण काही लिहिलं नाही. कवटी उचलून उलटी फिरवली आणि मागची बाजू तिच्यासमोर केली. "आता इकडून सांग."

मागची बाजू म्हणजे दोन आजोबा आणि आत्या. सोपं. आचलने कवटी हातात घेतली. दोन पॅरायटल, मधे सॅजायटल सांधा. खाली ऑक्सिपिटल. त्यांच्यामधला सांधा दोन्ही बाजूंना उतरत जातो, नागमोडी, दाते दात्यांत अडकवलेले. तिचं बोट त्या सांध्यावरून डावीकडे सरकत गेलं आणि थांबलं.

तिथे कोणी तरी होतं.

अंगठ्याच्या नखाएवढं. डोमाजी आजोबा आणि शकुंतलाआत्या यांच्या मधे, आरामात बसलेलं. आचलने डोळे मिटून बैठक आठवली. सगळे जागेवर होते. अण्णाजी, आजी, बाबा, काका, फोनमधली आत्यासुद्धा. सतरंजीवर त्या जागी कोणीही बसत नव्हतं. घरच्या कवटीतही तिथे कोणी नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं. तो होताच.

आणि ती गप्प झाली. मागच्या परीक्षेतली ती शांतता खोलीत परत आली, ओळखीच्या पाहुण्यासारखी, न विचारता. भिंतीवरचा पंखा फिरत होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं. सराव सगळा संपला होता. सांगायला तिच्याजवळ आता कोणी उरलेलं नव्हतं. समोर हाड होतं आणि ती होती. बॅच, पुढचं वर्ष, कडुनिंबाखालची सगळी मंडळी, सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यावर येऊन थांबलं.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "हा आमच्यातला नाही."

"आमच्यातला म्हणजे?"

"म्हणजे बावीसांतला."

"अस्सं." मॅडम मागे टेकल्या. "मग तुटला असेल. ऑक्सिपिटलचा तुकडा आहे, असं सकाळी एकाने सांगितलं."

हो म्हणणं सोपं होतं. आचलने कवटी खिडकीकडे नेली. मॅडमना विचारलंही नाही. उजेडात धरून ती बारीक बघू लागली, आणि बघता बघता भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही. 

"तुटलेला नाही, मॅडम. तुटला असता तर कड कशीही गेली असती, आडवीतिडवी. याला चारी बाजूंनी दाते आहेत, आणि ते शेजारच्यांच्या दात्यांत बरोबर बसलेत. वरून पॅरायटलमधे, खालून ऑक्सिपिटलमधे. असं तुटून होत नाही. हा इथेच तयार झाला आणि इथेच वाढला. छोटा आहे, पण स्वतंत्र हाड आहे."

"नाव?"

"नाव मला माहीत नाही."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की तिलाच नवल वाटलं. आणि पुढच्या क्षणी तिने कवटी दुसऱ्या बाजूला फिरवली, कारण एक बसला असेल तर आणखी कोणी आहे का, हे बघितल्याशिवाय तिला राहवेना. "मॅडम, इकडे अजून एक आहे. याच्याहून लहान. हे बघा, मधुकरराव... उजव्या पॅरायटलच्या खाली."

मॅडम खुर्चीतून उठल्या. खिडकीशी आल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोघींची डोकी त्या कवटीवर एकत्र झुकली.

"हा दुसरा मीही पाहिला नव्हता," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याचं नाव सांगते. वर्मियन. काहींच्या कवटीत असतात, सांध्यांमधे, एखादा, दोन, कधी पुष्कळ. सकाळपासून ही टेबलावर आहे. आले ते बावीस मोजून उठले. आता ते 'आमच्यातला' काय प्रकरण आहे ते सांग."

आचलने सांगितलं. सगळं नाही, पण सतरंजी, मोहिनीकाकू, दोन भावांची भिंत आणि नांगराचा फाळ एवढं आलंच. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडे स्फिनॉइड माझी मोठी जाऊ," त्या म्हणाल्या. "जबड्याला तीन उमेदवार आहेत." मग त्यांना आपण परीक्षक असल्याचं आठवलं. "निकाल इथे सांगायचा नसतो. पण पुढच्या वर्षी पॅथॉलॉजी असते तुम्हाला. तिथेही आधी असं बघत जा, मग पाठांतर आठव. जा. पुढच्याला पाठव."

पुढच्या वर्षी. आचलने हे दोन शब्द जिन्यावरून उतरताना तोंडात घोळवले, आणि शेवटच्या पायऱ्या तिने उड्या मारून घेतल्या.

फाटकाबाहेर सगळे उठून उभे राहिले. पास झाली का हे कोणी विचारलं नाही. ते गृहीतच होतं.

"मले इचारलं का?" अण्णाजी म्हणाले.

"पयलं तुमालेच, आबाजी."

अण्णाजींनी सभोवार पाहिलं.

"फाळ?" बंडूजी म्हणाले.

"फाळापर्यंत आलंच नाई, बंडूजी आबाजी. ऐका तं. मॅडम पुढच्या वर्षीचं सांगून राह्यल्या होत्या, म्हणजे झालं आपलं. पण त्या कवटीत एक वेगळंच हाड होतं. आपल्यातलं नाई. डोमाजी आबाजी अन् आत्याच्या मधात बसलेलं. अन् एक नाई, दोन होते."

ती बोलत सुटली. हातवारे करून, दाते कसे दात्यांत बसतात ते दहा बोटं एकमेकांत अडकवून दाखवत. मधे कोणी बोलायला गेलं तर ती म्हणाली, "थांबा न," आणि ते थांबले.

"म्हणजे पत्रिका नसताना आले," अण्णाजी म्हणाले.

"आले तं आले," विमलाबाई म्हणाल्या. "बसलेल्याले उठवू नाई."

"माह्या बाजूले कोण बसला म्हणते?" डोमाजींना हे पटेना. "आपल्यातबी असते का असं कोणात?"

"असू शकते. बाहेरून हात लावून कळत नाई पण."

"पाहून तं घे," बंडूजी म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून आपलं तुळतुळीत डोकं तिच्यापुढे वाकवलं.

हातानं कळत नाही हे आचलला पुस्तकात वाचून पक्कं माहीत होतं. तरी तिने दोन्ही हात त्यांच्या डोक्याच्या मागे ठेवले, डोळे बारीक केले आणि बोटं हळूहळू सरकवू लागली. बंडूजींच्या मागे डोमाजी येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे मधुकरराव, मग भूपेंद्रकाका. हेमराजने ऑटो बंद केली आणि तोही रांगेला लागला. शेवटी चौकीदाराने इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि रांगेत येऊन, मान खाली घालून उभा राहिला.